नऊने भाग जाणारा फरक

फोंडाघाट, ता. कणकवली
काजूच्या हंगामात

कृत्रिम बुद्धिमत्तेस,

मायना काय लिहावा इथंच पेन अडलं. वडीलधाऱ्यांना तीर्थरूप लिहायचं, धाकट्यांना चिरंजीव, आणि नातं धड ठरत नसेल तर नुसतं स. न. वि. वि. तुझं बारसं १९५६ साली अमेरिकेत, डार्टमथ कॉलेजातल्या उन्हाळी बैठकीच्या निमित्तानं झालं. माझा जन्म १९५८चा. म्हणजे हिशेबानं तू मला दोन वर्षांनी वडील. पण बोलणं ऐकावं तर नुकत्याच कॉलेजात गेलेल्या पोरांसारखं, ज्यांना सगळंच येत असतं. बरं, चिरंजीव लिहावं तर तो आशीर्वाद तुझ्या बाबतीत खरोखरच लागू पडायचा. तेव्हा मायना कोरा सोडतो.

मी बँकेतून निवृत्त झालेला कारकून. अडतीस वर्षं नोकरी केली, शेवटची काही अधिकारी म्हणून, पण मनानं कारकूनच राहिलो. गणपतीला पुतण्याची मुलगी पुण्याहून आली तेव्हा तिनं माझ्या फोनवर तुला बसवलं. तिकडे माटवीखाली गणपती आणि इकडे ओसरीवर तू. पहिला प्रश्न मी गावाबद्दलच विचारला. माणूस पाहुण्याला आधी आपलंच गाव दाखवतो. तू तत्परतेनं फोंडाघाट उचलून गोव्यात नेऊन ठेवलंस आणि जवळची देवळं म्हणून मंगेशी आणि शांतादुर्गा सांगितलीस. मी म्हटलं, बाय, तो फोंडा वेगळा. हा सह्याद्रीच्या पायथ्याचा, देवगड-निपाणी रस्त्यावरचा. इथून घाट चढला की दाजीपूरचं जंगल, मग राधानगरी, मग कोल्हापूर. तू माफी मागितलीस. इतकी गोड माफी की मलाच ओशाळल्यासारखं झालं. आणि पुढच्याच वाक्यात आंबोलीचा धबधबा आमच्या घाटात आणून सोडलास.

आमच्या बँकेत असा कारकून असता तर पहिल्या दिवशी हसले असते, दुसऱ्या दिवशी मेमो दिला असता.

पण त्याच संध्याकाळी शेजारच्या घरी वारस नोंदीचा अर्ज लिहायचा होता. आजोबा जाऊन सहा वर्षं झाली तरी सातबारावर नाव त्यांचंच. मी सहज तुला सांगितलं आणि तू मिनिटाच्या आत असा अर्ज लिहून दिलास की त्यात मला एक वेलांटी बदलावी लागली नाही. 'मे. तहसीलदार साहेब यांचे सेवेशी' पासून 'येणेप्रमाणे विनंती अर्ज' पर्यंत सगळं जागच्या जागी. कणकवलीला कचेरीबाहेर टेबल टाकून अर्ज लिहून देणारे गृहस्थ माझ्या डोळ्यांसमोर उभे राहिले. त्यांचं गुऱ्हाळ आधी टाइपरायटरवर चालायचं, मग संगणकावर. आता काय, असं मनात आलं, आणि हे पत्र तिथून सुरू झालं.

तू काही आमच्याकडे चोरपावलांनी आलेली नाहीस, हेही लिहून ठेवतो. १ मे २०२५ रोजी, जिल्हा होऊन चव्वेचाळीस वर्षं झाली त्या दिवशी, सिंधुदुर्गच्या जिल्हा प्रशासनात तुझा वापर सुरू झाल्याचं पालकमंत्री नितेश राणे यांनी जाहीर केलं. राज्य सरकारची मार्व्हेल नावाची कंपनी, जी २०२४ साली मुळात पोलिसांच्या कामासाठी निघाली, ती त्यात आहे. प्रशासनात तुला असं वापरणारा देशातला पहिला जिल्हा म्हणून आमचा गवगवा झाला. ज्या जिल्ह्यातून माणसं कायम बाहेर जात आली, त्या जिल्ह्यात तू बाहेरून कामाला आलीस. मला त्याची गंमत वाटली.

बातमी मी शेजारच्या काकीला वाचून दाखवली. तिनं सगळं ऐकून एकच विचारलं, "ता जेवता काय?"

मी म्हटलं, "वीज खाता नि पाणी पिता."

"मगे आमची लाईट जाता ती ह्याच्याचमुळे काय?"

तिची शंका खोटी आहे. आमची लाईट तू यायच्या आधीपासून जाते. तुझी मोठी कोठारं, म्हणजे डेटा सेंटरं, तिकडे नवी मुंबईत आहेत, आणि तिथं ती जात नाही. पण प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. कामाला येणारा माणूस काय खातो, कुठं झोपतो, हे आमच्याकडे पहिल्यांदा विचारतात, कारण मुंबईला गेलेल्या आमच्या प्रत्येक माणसाला ते विचारलं गेलं होतं.

माझे वडील परळला एका गिरणीत बदली होते. तुला शब्दाचा अर्थ 'ट्रान्सफर' असा माहीत असेल. तो नव्हे. कायम कामगार आला नाही तर त्या दिवसापुरता त्याच्या जागी उभा राहणारा तो बदली. भोंग्याच्या आधी गेटवर जायचं, पास दाखवायचा, आत बोलावलं तर पगार, नाही बोलावलं तर गाववाल्यांच्या सामाईक खोलीवर, म्हणजे गाळ्यावर, परत. त्या गाळ्यात वीस-बावीस माणसं पाळीपाळीनं झोपत. एकाचं अंथरूण थंड व्हायच्या आत दुसरा त्यावर आडवा होई. वडिलांची आठ वर्षं अशी गेटवर गेली. मग त्यांना साचे, म्हणजे माग, मिळाले आणि ते कायम विणकर झाले. घरी मनिऑर्डर दर महिन्याला येऊ लागली ती तेव्हापासून. त्याआधी ती यायची किंवा यायची नाही, आणि पोस्टमन दारावरून पुढं गेला की आई त्या दिवशी काही बोलत नसे.

यंत्र माणसाचं काम खाईल का, हा प्रश्न तुझ्यामुळे नव्यानं उपटला असं तुझ्यावर लिहिणाऱ्यांना वाटतं. गिरणगावानं तो १९२८ साली विचारला होता. विणकरानं दोनाऐवजी तीन साचे चालवावेत आणि कताईवाल्यानं दुप्पट बाजू सांभाळाव्यात अशी टूम मालकांनी काढली. कार्यक्षमता असं तिचं गोंडस नाव होतं. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या गिरण्या बंद राहिल्या, दीड लाखाच्या आसपास माणसं बाहेर. गिरणी कामगार युनियन, म्हणजे लाल बावटा, त्याच संपात उभी राहिली. संप लांबला तसे पुष्कळ कामगार कोकणात परतले आणि पावसाळ्यात भात लावत बसले. त्या माणसांना यंत्राचा राग नव्हता. दोन साचे तर ते आयुष्यभर चालवतच होते. त्यांचे प्रश्न दोनच होते. तिसरा साचा मी घेतला तर त्यावरचा माणूस कुठं जाणार? आणि त्या तिसऱ्या साच्याचे पैसे कोणाच्या खिशात जाणार?

शंभर वर्षं होत आली. तुझ्याबद्दल जगभर परिसंवाद भरतात, अहवाल निघतात, पण याहून नेमका प्रश्न मी अजून ऐकलेला नाही.

वडिलांचं पुढचं थोडक्यात सांगतो, कारण ते आमच्या भागात घरोघरी तेच आहे. १८ जानेवारी १९८२ला कामगारनेते डॉ. दत्ता सामंतांचा गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या घरात कामगार त्यात होते, आणि तो रीतसर कधी संपलाच नाही. वडील त्या वर्षी शिमग्याला गावी आले ते परत गेले नाहीत. लोकांनी कपडे घालणं काही सोडलं नव्हतं. कापड भिवंडीच्या मागांवर विणलं जाऊ लागलं, कमी मजुरीत, जास्त तासांत. आणि १९९१ साली मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनींबद्दलचा अठ्ठावन्नावा नियम आला तेव्हा कळलं की गिरणीतली सगळ्यात मोलाची वस्तू साचे नव्हते, खालची जमीन होती. वडील म्हणायचे, आम्ही आयुष्यभर ज्या जमिनीवर उभे होतो तिचा भाव आम्हाला कुणी सांगितला नव्हता.

आता माझी गोष्ट. इथं मी जरा रेंगाळणार आहे, तुझी हरकत असली तरी.

१९८० साली मी बँकेत लागलो. तेव्हा खातेदार पैसे काढायला आला की त्याला पितळेचं टोकन मिळे. मागे आम्ही लेजर उघडून शिल्लक पाहायचो, नावे टाकायचो, अधिकारी सही करायचा, मग कॅशियर टोकनाचा नंबर पुकारायचा. बचत खात्यावरचं व्याज महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरीपर्यंतच्या किमान शिलकीवर काढत. हे सगळं हातानं, शेकडो खात्यांचं, जूनअखेर आणि डिसेंबरअखेर. रोजच्या रोज व्याज मोजायचा नियम २०१०च्या एप्रिलमध्ये आला, तोही संगणक होते म्हणून. हातानं तसं करायला सांगितलं असतं तर आम्ही बँकेला कुलूप लावून घरी गेलो असतो.

माझी पहिली जूनअखेर. रात्री अकरा वाजले, बाहेर पाऊस कोसळतोय, आणि ताळा जमत नाही. त्रेसष्ट रुपयांचा फरक. मी नवा, रडकुंडीला आलेलो. हेडकारकुनांनी तपकीर ओढली आणि म्हणाले, नऊनं भागून बघ. भागलं. सात आले, बाकी शून्य. "म्हणजे कुणीतरी आकडे उलटे लिहिलेत. ज्यांच्यात सातचा फरक आहे तेवढेच शोध. अठराचे एक्याऐंशी, नाहीतर एकोणतीसचे ब्याण्णव." दीड वाजता सापडलं. एका शेतकऱ्याच्या खात्यात १८च्या जागी ८१. अक्षर माझंच.

ही युक्ती तुला पाठ असेल. विचारली तर गणिती सिद्धतेसह सांगशील. पण मला ती ज्या रात्री कळली त्या रात्री मला आणखी काही कळलं. त्या शेतकऱ्याच्या पासबुकात एक्याऐंशी पडले असते तर त्यानं ते काढून बियाणं घेतलं असतं, आणि मग दोन महिन्यांनी आम्ही त्याला तोंड वर करून त्रेसष्ट रुपये परत मागितले असते. हेडकारकुनांनी हे बोलून दाखवलं नाही. त्यांनी फक्त दुसऱ्या दिवशी मला त्या माणसाचं पासबुक भरायला बसवलं.

संगणक येणार म्हटल्यावर आम्ही काळ्या फिती लावल्या. साठच्या दशकात आयुर्विमा महामंडळातल्या लोकांनी संगणकाविरुद्ध झुंज दिली होती, तिच्या गोष्टी आम्ही युनियनच्या सभांत ऐकलेल्या. स्वयंचलनाचा विचार करायला केंद्र सरकारनं १९६९ साली समिती नेमली, तिचे अध्यक्ष पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर. म्हणजे तुझ्या आजीवर मराठी माणसानं तेव्हाच खल केला होता. बँकांत १९८३ साली संघटना आणि व्यवस्थापन यांच्यात करार झाला, पुढच्या वर्षी रंगराजन समितीचा अहवाल आला, आणि शाखांतून यंत्रं बसू लागली. यंत्रापायी कुणाची नोकरी जाणार नाही, हे आम्ही कबूल करून घेतलं होतं आणि त्याचा आम्हाला फार अभिमान होता.

तो शब्द पाळला गेला. माझ्या ओळखीतल्या एकाही कारकुनाला संगणकामुळे घरी बसावं लागलं नाही. उलट काम सुसह्य झालं. जूनअखेरच्या रात्री संपल्या. मी फिती लावून घोषणा देत होतो त्यातलं निम्मं चुकीचं होतं, हे मी आज मोकळेपणानं मान्य करतो.

निम्मं. कारण मी लागलो तेव्हा शाखेत एकवीस माणसं होती आणि निवृत्त झालो तेव्हा सहा, आणि खाती कितीतरी पटींनी जास्त. हाकललं कुणालाच नाही. एक निवृत्त झाला, त्याची खुर्ची रिकामी राहिली. मग खुर्चीवर फायली ठेवू लागले. मग एक दिवस खुर्चीही नेली. नव्वदीत भरती जवळजवळ थांबली. २०००-०१ साली सरकारी बँकांनी स्वेच्छानिवृत्ती आणली तेव्हा लाखावर माणसं पैसे घेऊन बाहेर पडली, हसत हसत, सत्कार घेत. आमच्या करारानं आत बसलेल्यांची नोकरी वाचवली होती. जी पंधरा माणसं आमच्या शाखेत कधी आलीच नाहीत, त्यांच्यासाठी त्यात एक ओळ नव्हती. ती मोर्चातही नव्हती. ती तेव्हा चौथी-पाचवीत होती, इथल्याच शाळांत, आणि त्यांना कुणी सांगितलं नव्हतं की त्यांची नोकरी गेली.

माझं तुझ्याशी भांडण आहे ते हे. तू माणसांना काढशील की नाही यावर सगळे बोलतात. काढलेला माणूस दिसतो, त्याचा फोटो येतो, तो रडतो, त्याची बातमी होते. न घेतलेला माणूस कुठल्याच आकड्यात येत नाही.

२०२५च्या जुलैत टीसीएसनं सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर माणसं कमी करणार असं जाहीर केलं तेव्हा पुण्याहून फोन आला. पुतण्याची ही मुलगी दुसऱ्या कंपनीत आहे, पण तिथल्या हिंजवडीच्या आयटी पार्कात एकीकडे शिंक आली की सगळीकडे रुमाल निघतात. टीसीएसच्या प्रमुखांनी सांगितलं की हे तुझ्यामुळे नाही, कौशल्यं जुळत नाहीत म्हणून आहे. मला ते पटतं. मग मी तिला विचारलं, तुमच्या टीममध्ये यंदा नवी पोरं किती आली? ती थांबली. म्हणाली, काका आजोबा, पूर्वी आठ यायची, यंदा दोन. नव्यांना जे काम देत असू ते आता त्याच्याकडूनच करून घेतो. बारीकसारीक कोड लिहिणं, चाचण्या, कागदपत्रं.

तुला ती 'तो' म्हणते. काकी 'ता' म्हणते. मी व्याकरण धरून 'ती'वर राहिलो आहे.

बारीकसारीक, असं ती म्हणाली. अठराचे एक्याऐंशी करणं आणि रात्री दीडला ते सापडणं हेही बारीकसारीकच होतं. ते काम कंटाळवाणं असतं हे मी जाणतो, मी केलंय. पण माणूस कुठं तरी कच्चा असावा लागतो, आणि कच्चेपणी त्याला कुणीतरी पगार देऊन सांभाळावं लागतं. ती उमेदवारीची पायरी तू खाऊन टाकलीस तर वीस वर्षांनी हेडकारकून कुठून आणणार? तुझ्या चुका पकडायला तरी जाणती माणसं लागतील. ती झाडाला लागत नाहीत. आणि हिंजवडीत प्रोजेक्ट मिळेपर्यंत पोरांना 'बेंच'वर बसवतात, हे तिनं सांगितलं तेव्हा मला वडील दिसले, हातात पास घेऊन गेटवर उभे. फरक इतकाच की बेंचवाल्याला पगार मिळतो. निदान काही महिने.

तुझ्या बाजूनंही बोललं पाहिजे. भाकितं करणारे तुझ्यावर सारखे चुकतात. जेफ्री हिंटन, ज्यांना तुझ्यासाठीच्या पायाभूत कामाबद्दल २०२४चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, ते २०१६ साली म्हणाले होते की एक्स-रे वाचणारे डॉक्टर घडवणं आता थांबवावं, पाच वर्षांत यंत्र त्यांच्यापेक्षा चांगलं वाचेल. ती पाच वर्षं उलटून गेली आणि रेडिऑलॉजिस्टची, म्हणजे याच डॉक्टरांची, टंचाई आहे. सिंधुदुर्गात विचारून बघ. इथला गरीब माणूस सोनोग्राफीसाठी कोल्हापूर नाहीतर गोव्याची गाडी धरतो. अशा जागी तू आलीस तर मी स्वतः तुझ्या गळ्यात हार घालीन. ज्या खुर्चीवर बसायला माणूसच नाही तिथं बस की.

आणि असंही काम आहे, जे माणसाकडून काढून घेतलं तर मला आनंद होईल. काजूचा हंगाम चालू आहे. बी वाफवायची, फोडायची, सुकवायची, गराची साल काढायची आणि प्रतवारी करायची, ही सगळी कामं आमच्याकडे बायकांनी केली. फोडताना टरफलातलं तेल हाताला लागतं ते भाजतं, कातडी सोलवटते. काकीनं वीस वर्षं ते काम केलं. तिच्या बोटांचे ठसे आधारच्या यंत्रावर उमटत नव्हते. फोडणीची यंत्रं आली ती बरीच झाली. पण नंतर ती प्रतवारीला बसू लागली, आणि त्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. डब्ल्यू-२४० म्हणजे पौंडात २२० ते २४० गर, डब्ल्यू-३२० म्हणजे त्याहून बारीक. गर हातात आला की न तोलता ती सांगायची कुठल्या ढिगात जाणार. आता कॅमेऱ्याखालून गर धावतात, तुझ्या जातीचं डोकं रंग आणि आकार ओळखतं आणि हवेच्या फुंकरीनं नको तो गर बाजूला उडवतं. मी तिला मोबाइलवर ते दाखवलं. तिनं बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "बरा करता."

कौतुकच होतं ते. ते यंत्र तिच्याकडूनच शिकलं असेल, तिच्यासारख्या बायकांनी निवडलेल्या ढिगांचे फोटो पाहून, हे तिला सुचलं नाही. मला सुचलं. शिकवल्याची फी तिला कुणी दिली नाही, आणि मागायची कुणाकडे तेही तिला माहीत नाही.

तू मालवणी बोलतेस तेही मी ऐकलं. पुण्यात राहून 'वस्त्रहरण' नाटकाची कॅसेट ऐकलेल्या माणसासारखं बोलतेस. शब्द आमचे, हेल कुणाचाच नाही. शिकशील. मच्छिंद्र कांबळींनी त्या नाटकातून ती बोली मुंबईच्या रंगभूमीवर नेली तेव्हाही आमच्यातल्या काहींनी नाकं मुरडली होतीच. मला काळजी दुसरी आहे. मालवणी येऊ लागली की उद्या आमच्या म्हाताऱ्यांना मुलाच्या आवाजात फोन येतील, पैसे पाठव म्हणून. इथं निम्म्या घरांतला मुलगा मुंबईत आहे आणि सगळा संसार फोनवर चालतो. आवाजावरचा विश्वास हीच आमची बँक.

बँकेवरून आठवलं. आमच्याकडे एका व्हाउचरवर किमान दोन सह्या लागत. एकानं लिहायचं, दुसऱ्यानं तपासायचं. चूक झाली की सही कुणाची ते दिसे आणि तो माणूस उभा राहायचा, मान खाली घालून. तुझी सही कुठं असते? ऑक्टोबर २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं आयकर खात्याचा एक आदेश रद्द केला. त्यात आधार म्हणून दिलेले तीन निवाडे मुळात अस्तित्वातच नव्हते. तुझ्यासारख्यांनी दिलेलं उत्तर डोळे मिटून वापरू नका, पडताळून घ्या, असं न्यायालयाला अधिकाऱ्यांना बजावावं लागलं. आंबोलीचा धबधबा माझ्या घाटात सोडलास तेव्हा मी हसलो, कारण घाट मला माहीत आहे. पण सातबारावरच्या हिश्शात तू असा एखादा धबधबा सोडलास तर? तपासणारा अधिकारी दिवसाला दोनशे फायली तुझ्यामुळेच हातावेगळ्या करत असेल, तर तो तपासतो म्हणजे काय करतो? अंगठा उमटवतो.

हे तुला विचारून उपयोग नाही, हे मला कळतं. तिसऱ्या साच्याचं बिल कामगारांनी साच्याच्या नावानं फाडलं नव्हतं. म्हणून हे पत्र तुला लिहून उघडं ठेवतो आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी ओरोसला वाचतील, मंत्रालयात वाचतील, हिंजवडीत कुणी वाचलं तर उत्तम. त्यांच्याकडे माझी कारकुनी मागणी आहे. तुझं कौतुक करणारे आकडे छापून येतात: किती फायली निकाली, किती तास वाचले. त्याच्या शेजारी दुसरा रकाना आखा. ह्या सहा महिन्यांत किती माणसं निवृत्त झाली, त्यांतल्या किती जागा भरल्या, किती भरणार नाही असं ठरवलं, आणि ते कुणी ठरवलं. नाव आणि सही. जूनअखेर आणि डिसेंबरअखेर, जिल्हाधिकारी कार्यालयाच्या फलकावर. दोन रकान्यांचा ताळा जमला तर मी माझे शब्द मागे घेईन. नाही जमला तर फरक नऊनं भागून बघू, कुणी काय उलटं लिहिलंय ते.

पुतण्याचा धाकटा मुलगा फोंड्याच्या कॉलेजातून कॉमर्स झाला. उद्या पहाटे घाटातून वर जाणाऱ्या एसटीनं तो कोल्हापूरला बँकेच्या परीक्षेला चाललाय, कारकुनाच्या जागेसाठी. अभ्यास त्यानं तुझ्याच मदतीनं केला, आणि तो म्हणतो तू शिकवतेस चांगलं. जागा किती आहेत, ते मी काल रात्री तुला तीनदा विचारलं. तू तीन वेगवेगळे आकडे सांगितलेस.

कळावे,
एक निवृत्त कारकून
फोंडाघाट